बाळंतिणीचं शेवाळ

१९ नोव्हेंबर

नाही, गुडघे ठीक आहेत माझे. धक्क्यावरून पोती वर आणते, छपरावर चढते, काही होत नाही. सूचानने तुला भलतंच सांगितलं असेल तर ऐकू नकोस. आईचे गुडघे बघायला तो येतो कधी?

बॉयलरमध्ये तेलही आहे. खोली गरम आहे. उगाच काळजी करायचं कारण नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. शाळा माझी तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. पत्ता खोक्यावरून उतरवून घेतला. सोकचो. पार दुसऱ्या समुद्राला जाऊन बसलीस! आमच्या समुद्राने काय घोडं मारलं होतं तुझं?

खोकं शनिवारच्या बोटीने आलं. हेनामवाली धक्क्यावर उभीच होती. शेजारीण म्हणून चांगली आहे, पण तिचं नाक तिच्या आधी पोचतं.

"सुनेने पाठवलं वाटतं? बघू, बघू."

"माझी औषधं आहेत. हो बाजूला."

"एवढी लांब औषधं? उसाची आहेत की काय?"

घरी आणून उघडलं, तर माझंच समुद्रातलं शेवाळ, बाळंतिणीला सार करून घालतात ते. जुलैत आमच्या खडकावरून कापलेलं, एकेक पान हाताने सरळ करून वाळवलेलं, तुझ्यासाठी गवताच्या दोरीने बांधून सूचानकडे ग्वांगजूला पाठवलेलं. आणि मधोमध घडी. कडकडीत मोडलेली घडी.

बोराम, बाळंतिणीच्या शेवाळाला घडी घालत नाहीत. घेताना घासाघीस करत नाहीत आणि नेताना मोडत नाहीत, खांद्यावरून लांबच्या लांब नेतात. मोडलं तर बाई अडते म्हणतात. तू शहरातली असलीस तरी एवढं तुला ठाऊक आहे. राग होता तर मला शिव्या द्यायच्या होत्यास. शिव्या मी पुष्कळ खाल्ल्यात, माझी सासू कोण होती ते विसरू नकोस. पण घडी?

आणि मी असा काय गुन्हा केला? उन्हाळ्यात मला स्वप्न पडलं. मोठं थोरलं कासव खडकावर चढलं आणि सरळ येऊन माझ्या मांडीवर बसलं. असलं स्वप्न घरात बाळ येणार असल्याशिवाय पडत नाही, कुणालाही विचार. मग चुसोकच्या सणाला तू आलीस ती गालांनी भरलेली. दारूला नको म्हणालीस. दुपारची झोपलीस. तीन दिवस होतीस, पण पाळीचं नाव नाही. आधी प्रत्येक सणाला तू पोट धरून भिंतीकडे तोंड करून पडायचीस, या वेळी बसून तांदळाचे लाडू वळत होतीस. मी दोन आणि दोन चार केले. सगळ्या बायकांसमोर सांगितलं. आनंदाने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तू म्हणालीस, "आई, बाळ नाहीये. मी हार्मोनची गोळी घेते. त्या गोळीने पाळी येत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दिलीय."

मी म्हटलं, "मग ती गोळी टाक समुद्रात. एक मूल झालं की पोटातलं सगळं दुखणं जातं. माझं गेलं." आणि मग शेवाळही पाठवलं, म्हणजे तुला आठवण राहील.

एवढंच. लोकांच्या सासवा याहून जास्त बोलतात.

या वर्षी किमची एकटीने घातली. कोबी नेहमीएवढाच आणला, सवयीने. आता मोठी मडकी तीन भरलीत आणि खाणारी मी एक. तुला पाठवू का ते सांग. नको असेल तर तसं सांग. काहीतरी सांग.

सासू


८ डिसेंबर

तुझं उत्तर नाही. पत्रही परत आलं नाही. म्हणजे पोचलं, असं मी धरते.

सूचान आला होता. त्याच्या बापाच्या श्राद्धाला. नमस्कार केला, जेवला, पसरला. माझ्या पोटचा आहे, पण झोपलेला बघितला की वाटतं, तरटावर मासा टाकलाय.

मी ते शेवाळ त्याच्या डोक्याशी नेऊन ठेवलं. "ऊठ. बघ तुझ्या बायकोने काय केलंय."

तो उठून बसला. शेवाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कान खाजवायला लागला. लहानपणापासून खोटं पकडलं गेलं की कान खाजवतो.

"सूचान."

"आई, खोक्यात मावत नव्हतं."

"काय मावत नव्हतं?"

"हे एवढं लांब... पोस्टात एवढं लांब खोकं नव्हतं. म्हणून मी थोडंसं..."

"थोडंसं?"

"एकदाच दुमडलं."

बोराम, माझ्या हातात पळी होती. मी ती वापरली. चाळिशीला आलेला माणूस खोलीभर पळत होता आणि ओरडत होता, "आई, शेवाळच आहे ते! खायचंच आहे ना शेवटी!"

म्हणजे असं झालं. तू घर सोडून बहिणीजवळ गेलीस, मागून या शहाण्याने काही न लिहिता, काही न बोलता ते शेवाळ मोडून तुला पाठवलं. वर माझं नाव लिहिलं, कारण पाठवणारी मी. तू खोकं उघडलंस. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. सासूने बाळंतिणीचं शेवाळ मोडून पाठवलं, म्हणजे काय म्हणायचंय तिला? तू परत पाठवलंस. इकडे मी तुला शिव्या घातल्या. तिकडे तू मला घातल्या असशील. घडी घातली तिसऱ्यानेच आणि तो खुशाल झोपला होता.

मी मोडलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं. माझ्या हाताने मी असलं करणार नाही.

मग त्याला जेवायला वाढलं आणि विचारलं, "ती का गेली? खरं सांग, नाहीतर पळी अजून इथेच आहे."

त्याने सांगितलं. चुसोकनंतर तू गोळी बंद केलीस. मी म्हटलं म्हणून. त्याने तुला "बंद कर" म्हटलं नाही आणि "चालू ठेव" असंही म्हटलं नाही, म्हणे. पुढच्याच महिन्यात पाळी आली आणि तू दातांच्या दवाखान्यात, जिथे कामाला होतीस तिथे, औषधांच्या कपाटाशी कोसळलीस. डॉक्टरीणबाईंनी उचलून नेलं. सूचान तेव्हा मीटिंगमध्ये होता. तो संध्याकाळी पोचला आणि तुला विचारलं, "मग आईला आता काय सांगायचं?"

हे ऐकल्यावर मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

मला हे तू का नाही सांगितलंस? हो, माहीत आहे. तू सांगितलंच होतंस. भांडी घासताना.

बोंगनिम


२६ डिसेंबर

बोटी दोन दिवस बंद होत्या. आज सुटली. मी मोठ्या बेटावर गेले होते, खिळे आणायला. आता तिथे गेलेच होते म्हणून औषधाच्या दुकानात डोकावले. नो बाई तिथे बसते, तू पाहिलीयस तिला, केस पांढरे, चष्मा गळ्यात.

मी म्हटलं, "बायकांच्या पोटदुखीची हार्मोनची गोळी असते ना, त्याने पाळी थांबते. ती काय भानगड आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "आजी, तुम्हाला पाळी आहे अजून?"

"हो, आणि दुधाचे दातही आहेत. सुनेसाठी विचारतेय."

हसली. मग खुर्ची दिली आणि नीट सांगितलं. गर्भाच्या पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच काहीतरी पिशवीबाहेर भलत्या ठिकाणी उगवतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. नाव बोलायलाच माझ्या जिभेला दोन खेपा लागल्या. दर महिन्याला ते तिथल्या तिथे सुजतं, रक्ताळतं, चिकटतं. ऑपरेशनने खरवडून काढतात, पण ते परत उगवतं. म्हणून रोज गोळी. गोळी चालू आहे तोवर ते निजून राहतं. बंद केली की जागं होऊ शकतं.

मी म्हटलं, "आमचे खडक. हिवाळ्यात खरवडले आणि मग लक्ष दिलं नाही, तर उन्हाळ्यापर्यंत पुन्हा नको ते उगवलेलं असतं."

"असंच काहीसं," नो बाई म्हणाली. "पण बाईचं पोट खडक नाही हो आजी."

हे मला आवडलं नाही, पण बरोबर होतं.

मी विचारलं, "मूल झालं की जातं ना?"

"कुणी सांगितलं?"

"लोक सांगतात."

"मूल हवं असेल तर डॉक्टरशी बोलून गोळी थांबवता येते, पाळी परत येते, पुढचं पुढे. पण मूल म्हणजे या दुखण्याचं औषध नव्हे. काहींना बरं वाटतं काही दिवस. पुन्हा सुरू होतं पुष्कळांचं. औषध म्हणून मूल जन्माला घालायचं का, आजी?"

मी खिळे विसरले. परत येऊन बोटीत बसले, तेव्हा आठवलं.

आणखी सांगितलं तिने. या गोळीने घाम फुटतो, केस गळतात, वजन वाढतं, मधूनच थोडं रक्त दिसतं. काहींचं मन काळं होतं. तू वसंतात म्हणाली होतीस, "आई, केस फार गळतात, रडू येतं उगाचच." मी म्हटलं होतं, "समुद्रावर कामाला ये, रडायला वेळ मिळणार नाही." बरं, ते असो. नो बाई म्हणाली की मन फार काळवंडलं तर गप्प बसायचं नाही, डॉक्टरला सांगायचं, दुसरी औषधं असतात. हाडंही मधून तपासून घ्यायची. आणि गोळी रोज एका वेळेला. चुकवायची नाही.

आता दुसरं. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

दोन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या सणाआधी आपण दोघी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो होतो. तू माझी पाठ घासलीस, मी तुझी. तू वळलीस तेव्हा तुझ्या पोटावर, बेंबीखाली, तपकिरी जाळी दिसली. मासे पकडायच्या जाळ्यासारखी. गरम पिशव्या धरून धरून कातडी भाजते, तिचे डाग असतात ते. तू लगेच टॉवेल घेतलास. मी बादली शोधायला लागले.

माझ्याही पोटावर आहे ती. माझी विटेची आहे. चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पोटावर ठेवून ओठ चावायचे. वर समुद्रातही जायचं, नाही गेलं तर वाटणी नाही. सूचान लग्नानंतर फार उशिरा झाला. झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, आता दुखत नाही. सासूला तेच ऐकायचं होतं. नवऱ्यालाही. गेलं नव्हतं. पन्नाशीत पाळी थांबली तेव्हा गेलं. मधली सगळी वर्षं वीट होती, फक्त मी ती परसात लपवून तापवायची.

तर मी तुला जे सांगितलं, माझं गेलं म्हणून, ते तसं नव्हतं.

आमच्या वेळी गोळी नव्हती. असती तर माझ्या सासूने ती समुद्रात टाकली असती.

तू घे. पुन्हा सुरू केलीस का? डॉक्टरकडे जाऊन सुरू कर. सूचानला विचारू नकोस. मला तर मुळीच नको.

बोंगनिम


३० जानेवारी

आज खडक घासले, नवं शेवाळ नीट धरावं म्हणून. दरवर्षीसारखे, प्रत्येक घरातून एक माणूस. जो येत नाही त्याला जुलैत शेवाळाचा वाटा नाही. आता घरंच उरलीत किती! पूर्वी रांग लागायची, गाणी व्हायची. आज आम्ही म्हाताऱ्या, हातात लोखंडी खुरपी, आणि बोटीत बसलेला आमचा गावकारभारी, ज्याला कमरेचं दुखणं फक्त याच दिवशी होतं.

हेनामवाली माझ्या शेजारी होती. लाट आली की खडकाला धरायचं, गेली की खरवडायचं, आणि मध्ये तिला बोलायचं असतंच.

"काय गं बोंगनिम, नातवाच्या वाटणीचंही आत्ताच घासून ठेवतेस का? कुठवर आलं सुनेचं?"

सगळ्या ऐकत होत्या. चुसोकपासून सगळ्या वाट बघत होत्या. मी म्हटलं, "नातू नाही."

"म्हणजे? पडलं?"

"पडायला असावं लागतं. नव्हताच. तिला पोटाचं दुखणं आहे, त्याची गोळी घेते, गोळीने पाळी थांबते. मी येडी, मला वाटलं दिवस गेले. पोरीने मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. आता कुणी तिच्याबद्दल काही बोलायचं असेल तर मला बोला, माझ्या हातात खुरपं आहे."

लाट आली, सगळ्यांनी खडक धरला. गेली. मग पलीकडून थोरली जाऊबाई हळूच म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीलाही असंच व्हायचं. दर महिन्याला. आम्ही तिला नाटकी म्हणायचो." आणखी एकीने मान हलवली. मग पुन्हा खरवडायचा आवाज.

हेनामवाली मात्र गप्प बसली तर ती हेनामची कसली! "मग ते कासव?"

"कासवाचं काय?"

"स्वप्न तर पडलं ना? फुकट जाणार? माझी नात मोकपोला आहे, लग्नाला चार वर्षं झाली, तिला मूल हवंय, तोही हवं म्हणतो, डॉक्टरकडे खेटे घालतात. मला विक."

मी थांबले. हे मला सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात होतं की ते कासव तुझंच. ते तुझ्या दारात बसून राहणार आणि तू त्याला कायमची देणं लागणार. पण स्वप्न विकता येतं. पूर्वीपासून विकतात.

"काय देतेस?"

"सुक्या माशांची एक पिशवी."

"एवढं मोठं कासव, आणि एक पिशवी?"

"किती मोठं होतं? तू पाहिलंस तेव्हा डोळे मिटलेले होते ना तुझे?"

"पोराबाळाच्या गोष्टीत घासाघीस करतेस, लाज नाही वाटत? नात अडली म्हणजे मला बोलू नकोस."

हे ऐकून ती घाबरली. दोन पिशव्या आणि रताळ्यांचं एक पोतं झालं. फुकट द्यायचंच नसतं, फुकट दिलं तर ते जात नाही. दुपारी धक्क्यावर तिने एप्रन पसरलं. मी सगळं स्वप्न पहिल्यापासून सांगितलं, खडक, कासव, ते कसं वर चढलं, कसं बसलं. आणि रिकाम्या हातांनी तिच्या एप्रनमध्ये ओतलं. तिने एप्रन गुंडाळून छातीशी धरलं आणि घरी गेली. रस्त्यात कुणाशी बोलली नाही. ही बाई, आणि बोलली नाही!

तर ते आता तुझं नाही. माझंही नाही. विकल्यावर स्वप्नाचं नाव काढायचं नसतं, म्हणून हे शेवटचं.

रताळी चांगली आहेत. एकटीला पोतं जास्तच आहे.

इथे सकाळी आठला बोट सुटते, भोंगा वाजतो. नो बाई म्हणाली ना, एका वेळेला. तेव्हापासून भोंगा वाजला की माझ्या तोंडून निघतं, "गोळी घे गं." पायरीवर उभी राहून म्हणते. परवा कारभाऱ्याने ऐकलं, तो म्हणाला, "कुणाला?" मी म्हटलं, "बगळ्याला."

तू आठला घेतेस की आणखी केव्हा ते मला माहीत नाही. घेतेस की नाही तेही माहीत नाही.


२१ फेब्रुवारी

नव्या वर्षाचा सण झाला. सूचान येतो म्हणाला होता, मी म्हटलं, आधी सोकचोला जा, तिने दार उघडलं तर उभ्या उभ्या माफी माग, नाही उघडलं तर बाहेरूनच माग, आणि मगच इकडे तोंड दाखव. तो इकडे आला नाही. तिकडे गेला का, ते तो सांगत नाही. मी विचारत नाही. तांदळाच्या वड्यांचं सार केलं, नमस्कार केला, जेवले. एक वाटी जास्त वाढली गेली, तीही मीच खाल्ली.

पुढच्या आठवड्यात तुझा वाढदिवस. कॅलेंडरवर तूच खूण करून ठेवली होतीस, लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा, लाल पेनाने, "आई, विसरू नका हं." आणि मी म्हटलं होतं, "माझाच मला आठवत नाही."

खोकं पाठवतेय. या वेळी लहान आहे. सूचानला सांग, मावतं.

आत तेच शेवाळ आहे, पण मी ते कापलं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने. घडी होती तिथूनच सुरुवात केली आणि मग थांबले नाही. पंजाएवढे तुकडे केले. हेनामवालीने पाहिलं, दारातच किंचाळली, "अगं, बाळंतिणीचं शेवाळ कापतेस!" मी म्हटलं, "बाळंतिणीचं नाही. बोरामचं आहे."

तुकडे पिशवीत भरले आणि तोंड बांधलं.

करायचं असं. एक मूठच घे, जास्त नको, ते फुगतं आणि मग भांडं पुरत नाही. पाण्यात भिजव. तिळाच्या तेलावर परत. सोबत सुक्या शिंपल्या घातल्यात, त्या टाक, मग पाणी, आणि बराच वेळ उकळू दे. मीठ शेवटी. वाढदिवसाला हे सार सगळेच खातात, आई असो नसो, मूल असो नसो. गरम गरम खा, पोटाला बरं वाटतं. गोळी त्याच्या आधी की नंतर ते नो बाईला विचारायचं राहिलं. तू डॉक्टरला विचार.

खोक्यात वीटही आहे. हसू नकोस. माझी ती. आता मला लागत नाही. तापवू नकोस, गरम पिशवी त्याहून बरी, कातडी भाजणार नाही अशी धर. दार वाऱ्याने आपटत असेल तर त्याला अडसर म्हणून लाव. सोकचोला वारा फार असतो म्हणतात.

पत्राला उत्तर नको. खोकं परत पाठवू नकोस, बस्स.

परत ये, असं मी म्हणणार नाही. येऊ नकोस, असंही म्हणणार नाही. बोट आठला सुटते आणि दुपारी परत येते, ते तुला माहीत आहे. मी धक्क्यावर जाते ती पोती उतरवायला.

याच्यावर मी आणखी एक शब्द बोलणार नाही.